चौदा नंबरची बाटली

९ जानेवारी

ती. काकू,

पत्राला उशीर झाला म्हणून रुसली असशील, पण फोन मी केला होता. दोनदा. पहिल्यांदा काकांनी उचलला आणि "कोण तो? फळ्या मंगळवारी!" असं ओरडून ठेवून दिला. दुसऱ्यांदा तू उचललास. मी पाच मिनिटं बोलत होते आणि तू नुसती "हो हो" करत होतीस. शेवटी मुद्दाम विचारलं, "काकू, मी नोकरी सोडून सर्कशीत जाऊ का?" तर म्हणालीस, "जा की, स्वेटर घेऊन जा." सॉ मिलच्या करवतीनं तुम्हा दोघांचे कान खाल्ले, आता डोळे शाबूत आहेत तोवर पत्रच बरं.

तू विचारलं होतंस की शिकूनसवरून मी दिवसभर लोकांच्या लघवीत काय शोधते. ऐक. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अंगातून बारीक पिशव्या बाहेर टाकत असते. इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी ओळीत बसतील. त्यांना एक्सोझोम म्हणतात. ज्या पेशीनं पिशवी टाकली, तिच्या आतला ऐवज थोडाथोडा त्या पिशवीत असतो. मूत्रपिंडातल्या पेशींच्या पिशव्या लघवीत उतरतात, आणि तिथे कर्करोगाची गाठ असेल तर गाठीच्याही उतरतात. तू करवतीखालचा भुसा चिमटीत धरून सांगतेस ना, आत सागवान चाललंय की निलगिरी? ओंडक्याकडे न बघता? मी तेच करते. हा रोग महाबिलंदर आहे. दुखत नाही, खुपत नाही, आणि कळतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून तर हा खटाटोप.

मागच्या वर्षी बर्फाची पेटी घेऊन तुमच्याकडे आले होते, काकांसकट मिलमधल्या आठ जणांच्या बाटल्या नेल्या होत्या, त्या याच कामासाठी. पहिल्या फेरीला साठीपुढचे निरोगी पुरुषच हवे होते, एकूण तीस. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. कुठला नंबर कोणाचा ते आमच्या नोंदणीच्या बाईंच्या वहीत, आणि वही कुलपात. नाव कळलं की मोजणाऱ्याची नजर बदलते, म्हणून.

तर गाठीची खूण असलेल्या पिशव्या मोजल्या की निरोगी माणसाचा आकडा दहाच्या आत येतो, गाठवाल्यांचा तिशीच्या पुढे. सगळं कसं आखल्यासारखं येत होतं, फक्त दोन नंबरांनी डोक्यावर मिऱ्या वाटल्या. चौदा आणि बावीस. चौदाचा आकडा तर एक्केचाळीस! सरांनी भुवया चढवल्या. मी म्हटलं, सर, वाटेत बर्फ वितळला असणार, हे दोन बाद करू या. आणि माझ्याच हातानं शेरा मारला, "नमुना दूषित." त्यानंतर आलेख असा देखणा आला की सरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. आता दुसरी फेरी सुरू होते आहे. यात बायकाही आहेत. मार्चच्या वीस तारखेला या कामाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे मी बोलणार आहे. मी! जिला तू शाळेच्या संमेलनात स्टेजवर ढकलून पाठवलं होतंस.

काकांना नमस्कार. तू कंबरदुखीवर काय करतेस ते लिही.

तुझी ठकी

---

१७ जानेवारी

चि. ठकीस, पोटभर आशीर्वाद.

सर्कशीचं मला ऐकू आलं होतं. मी थट्टाच केली. (नव्हतं आलं. पण तू सिद्ध करून दाखव.)

पत्र दोनदा वाचलं. भुशाची गोष्ट ह्यांना ओरडून सांगितली तर म्हणाले, "भुसा बघून लाकूड ओळखणं सोपं आहे, माणूस ओळखायला अख्खा जन्म पुरत नाही." मोठे आले तत्त्वज्ञानी. सकाळी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होते.

त्या दोन नंबरांना तू बाद केलंस ते बरं केलंस. चांगल्या थप्पीत दोन वाकड्या फळ्या ठेवल्या की सगळी थप्पी डोलते.

कंबरेचं काय विचारतेस? तीस वर्षं त्या उंच स्टुलावर बसून पावत्या फाडतेय, कंबर बोलणारच. एका बाजूनं जरा जास्त बोलते एवढंच. शेक घेते, गप्प बसते.

समितीपुढे बोलताना केस नीट बांध. आणि भराभर बोलू नकोस, तू घाबरलीस की शब्द गिळतेस.

तुझी काकू

---

६ फेब्रुवारी

काकू,

हे पत्र एकटी असताना वाच. बसून वाच.

मंगळवारी आमच्या नोंदणीच्या खिडकीपाशी एक गृहस्थ आले. घड्याळं दुरुस्त करतात. वर रुग्णालयात दाखल व्हायला आले होते. लघवीतून रक्त गेलं, तपासलं तर उजव्या मूत्रपिंडात भलीमोठी गाठ. आणि ते बाईंना इतक्या साधेपणानं विचारत होते, "मी मागच्या वर्षी तुम्हाला बाटली दिली होती. तेव्हा सगळं ठीक होतं ना? काही असतं तर तुम्ही कळवलं असतंत." बाईंनी वही उघडली. ते बावीस नंबर होते.

काकू, मी तिथेच उभी होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघून नमस्कार केला.

बावीस नंबर दूषित नव्हता. तो खरं सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग चौदा? उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये त्याचा उरलेला नमुना होता. मी तो पुन्हा लावला, सरांनी स्वतः शेजारी उभं राहून बघितला. चाळीस. परत लावला. एक्केचाळीस. सरांनी वही मागवली, नाव वाचलं, आणि माझ्याकडे बघेचनात. मग वही माझ्यापुढे सरकवली.

चौदा नंबर म्हणजे आपले काका आहेत.

कितीतरी वेळ मी ते नाव वाचत होते. मिलमध्ये आठ जण, सगळे मिळून तीस, आणि नेमके काका. सरांचं रीतसर पत्र येईल, पण त्याला समितीची सही लागते, दोन-तीन आठवडे जातील. मी तुला आधी कळवते आहे. हे नियमात बसत नाही, मला काढून टाकलं तरी चालेल. आमची चाचणी अजून संशोधनातली आहे, तिच्यावरून रोग आहे असं कोणी म्हणू शकत नाही. पण बघायला हवं. काकांना ताबडतोब सोनोग्राफीला ने, आणि डॉक्टर म्हणाले तर सीटी स्कॅनला. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी यायला निघू का?

अकरा महिने, काकू. अकरा महिने मी तो देखणा आलेख भिंतीवर लावून बसले होते.

ठकी

---

११ फेब्रुवारी

चि. ठकीस,

पत्र मिळालं. येऊ नकोस. तू आलीस की ह्यांना संशय येईल.

ह्यांना उद्या नेते. पोटातल्या गॅससाठी बघायचंय असं सांगितलंय.

चौदा नंबर नक्की तोच ना? बाटल्यांची अदलाबदल तुमच्याकडे होत नाही ना? एवढंच लिही, लगेच लिही.

काकू

---

१५ फेब्रुवारी

काकू,

आमच्याकडे अदलाबदल होत नाही. बाटली काकांच्या हातातून माझ्या हातात आली, तिथेच चिठ्ठी लागली, पेटीत गेली. मला आठवतंय ना. मी दाराबाहेर उभी राहून हाका मारत होते, "काका, झालं का?" आणि आतून कितीतरी वेळ उत्तर नव्हतं. मी हसत होते. तेव्हा.

रिपोर्ट काय आला? तुझं पत्र तीन ओळींचं. तू तीन ओळी कधी लिहीत नाहीस. आज दुपारी मिलमध्ये फोन केला, मुकादमांनी उचलला, म्हणाले मालक-मालकीण दोघं बाहेर गेलेत. कुठे ते त्यांना ठाऊक नाही. मला जेवण जात नाही. काकांनी मला सायकल शिकवली, मी पडले की ते स्वतःच कळवळायचे. काय ते लिही, पण लिही.

ठकी

---

२३ फेब्रुवारी

चि. ठकीस, आशीर्वाद.

जीव भांड्यात टाक. सोनोग्राफी झाली, सीटीही झाला. दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे, तुझ्या सरांना दाखव. प्रोस्टेट मात्र चांगलीच सुजलेली निघाली, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले हे दोन-तीन वर्षांचं दुखणं आहे, आजोबा बोलले कसे नाहीत? आजोबा म्हटलं म्हणून हे दिवसभर फुगून बसले.

तेव्हा विषय संपला. तुझं यंत्र बिघडलं असेल.

इकडे सगळं ठीक. मिलमध्ये नवीन पट्टा बसवला. आणि हो, मुकादमाची बायको विचारत होती, बायकांना होतो का गं हा रोग? बासष्ट वय आहे तिचं. एका कुशीला जड जड वाटतं म्हणते. बायका आपल्या काहीही मनाला लावून घेतात. सवडीनं उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझी काकू

---

१ मार्च

ती. काकू,

रिपोर्ट हातात घेऊन मी चक्क रडले. सरांच्या समोर. काका ठीक आहेत! प्रोस्टेटच्या गोळ्या वेळेवर देत जा, आणि त्यांना माझ्याकडून सांग, आजोबा दिसताच तुम्ही.

आता दुसरी बाजू. काका ठीक आहेत याचा अर्थ आमची चाचणी खोटी आहे. बावीस खरा, चौदा खोटा. मग नाणं उडवलं तरी तेवढंच कळेल. मी सरांना सांगून टाकलं, वीस तारखेला मी सरळ उभी राहून सांगणार की ही खूण भरवशाची नाही, यावर पुढे वेळ घालवू नये. सहा वर्षांचं काम आहे त्यांचं. शेजारच्या खोलीत आमचीच माणसं याच पिशव्यांत औषध भरून थेट गाठीवर पाठवता येईल का ते उंदरांवर बघताहेत, त्यांचंही काम आमच्या खुणेवर उभं होतं. सगळंच बसलं. पण काका ठीक आहेत, तर बसू दे. मला एवढी मोठी चूक कधी गोड लागली नव्हती.

मुकादमांच्या बायकोला सांग, उगाच घाबरू नका. बायकांत हा रोग पुरुषांपेक्षा कमी असतो. कुशीला जड वाटणं म्हणजे निम्म्या वेळा वायू. फारच वाटलं तर सावकाश कधीतरी सोनोग्राफी करून घ्या म्हणावं.

तुझी ठकी

---

१० मार्च

चि. ठकीस,

समितीपुढे तसं काही बोलू नकोस. हे पत्र वीस तारखेच्या आत पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं टाकते आहे.

तुझी चाचणी खोटी नाही. बाटली खोटी होती.

त्या दिवशी तू दाराबाहेर "झालं का, झालं का" करत होतीस. ह्यांना होत नव्हतं. वर्षभर असंच चाललं होतं, उभं राहून राहून पाय भरून यायचे, थेंब यायचा नाही, पण ही गोष्ट मला सोडून जगात कोणाला कळू द्यायची नव्हती. त्यात तू पोरीसारखी, दारात. घामाघूम झाले होते. मी मागच्या दारानं न्हाणीत गेले तर मला बाटली दाखवून हात जोडले. बोलायची सोय नाही, आम्ही बोलतो ते चार घरं ऐकू जातं. मी बाटली घेतली. मला वाटलं, तपासायचं ते निरोगी माणसाचं ना, मग ह्यांचं काय नि माझं काय. पोरीचा प्रवास फुकट जायला नको. माझ्या अकलेनं तिथे एवढंच काम केलं.

तुझं सहा तारखेचं पत्र वाचलं. तू ह्यांचं नाव लिहिलं होतंस आणि मला माझं दिसत होतं. आधी म्हटलं ह्यांना दाखवू, न जाणो तुमच्यात अदलाबदल झाली असेल. ह्यांचं साफ निघालं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर हे आनंदानं हसत होते आणि मी त्यांचा हात धरून उभी होते. मला तेव्हाच कळलं. महिनाभर मी तुला खरं लिहिलं नाही. भित्री आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही. कोणी बघितलं नाही तोवर ते नाही, असं स्वतःला समजावत राहिले. ह्यांना शब्द दिला होता, तेही निमित्त झालं.

मुकादमाला बायको नाही. तो कधीचा एकटाच आहे.

तू लिहिलंस की सहा वर्षांचं काम खोटं म्हणून जाहीर करणार. ते वाचून मात्र बसवेना. माझ्या भीतीपायी त्या घड्याळवाल्यासारखे आणखी किती जण खिडकीशी येऊन नमस्कार करतील? उद्या सकाळी मी एकटी सोनोग्राफीला जाते आहे. आता तू ये. ह्या वेळेस नको म्हणत नाही.

काकू

---

१० मार्च

काकू,

दुसऱ्या फेरीत बायका आहेत म्हणून नव्या चाचणीत पिशवीतल्या ऐवजातला एक जास्तीचा धागा बघतात. तो फक्त बाईच्या पेशींत तयार होतो. नमुना बाईचा की पुरुषाचा ते त्यावरून कळतं. आज सगळ्या जुन्या नमुन्यांवर एकदम लावला. एकोणतीस नमुने पुरुषांचे.

चौदा बाईचा आहे.

आधी मला काही समजेचना. यंत्राला नावं ठेवली. पुन्हा लावला. मग ते दार आठवलं, आतली ती शांतता, आणि काकांनी बाटली देताना माझ्याकडे न बघणं. त्या घरात बाई एकच आहे, काकू.

बासष्ट तुझंच वय आहे. मुकादमांच्या बायकोला मी हसून उत्तर दिलं. वायू लिहिलं. सावकाश लिहिलं. तू माझ्यापुढे येऊन उभी राहून विचारत होतीस आणि मी तुला परत पाठवलं.

रजा टाकली आहे, उद्या पहाटेची गाडी. हे पत्र माझ्या मागून पोचेल तरी टाकते आहे, नाहीतर हातातून जाणार नाही.

ठकी

---

६ एप्रिल

चि. ठकीस,

मी लिहितोय म्हणून घाबरू नको. तू गेल्यावर चौथ्या दिवशी टाके काढले. ती बरी आहे. दवाखान्यात नर्सबाईंना शिस्त लावते आहे.

पत्र लिहायची मला सवय नाही. तुझा पत्ता शोधायला तिची पेटी उघडली आणि तुझी पत्रं वाचली. सगळी. तिनं तुला लिहिलेल्यांचे कच्चे कागदही होते, ती आधी कच्चं लिहिते हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

चाळीस वर्षं करवतीपाशी उभा राहिलो. एक बोट दिलं. कधी घाबरलो नाही. एका बाटलीला घाबरलो, आणि तिला पुढे केलं. मला त्या पायरीवर हसू येत होतं, ती शेजारी उभी होती. ते आठवलं की मला ताट पुढे नको वाटतं.

तूही नंबर खोडलास. तिनंही महिना लपवलं. तिघांपैकी कोणावर रागवावं ते मला समजत नाही, म्हणून माझ्यावर रागावून बसलो आहे.

डॉक्टरांनी डावं मूत्रपिंड काढलं. गाठ पाच सेंटीमीटर होती आणि रक्तवाहिनीच्या तोंडाशी पोचली होती. मी विचारलं, वर्षापूर्वी काढली असती तर? ते म्हणाले, काका, असले प्रश्न विचारू नयेत. म्हणून तुला विचारतो. तू या विषयातली आहेस. मला गोड बोलून समजावू नको.

तुझा काका

---

१२ एप्रिल

ती. काका,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वर्षापूर्वी ती गाठ बहुधा तीन सेंटीमीटरच्या आसपास असती. रक्तवाहिनीपासून दूर असती. कदाचित मूत्रपिंडही वाचलं असतं, गाठीपुरता तुकडा काढून भागलं असतं. नक्की कोणीच सांगू शकत नाही, पण माझं मत असं आहे.

बाटली तुमची नसली तरी आकडा खरा होता. तो मी वाचला आणि खोडला. वीस तारखेला समितीपुढे हेच सांगितलं. नंबर चौदा, नंबर बावीस, आणि खाली शेरा मारणाऱ्या माणसाचं नाव. एक म्हाताऱ्या बाई नंतर जवळ येऊन म्हणाल्या, आलेख बिघडवणाऱ्या माणसांनाच आधी भेटायला जायला हवं. आता आमच्याकडे तसा नियम केला आहे. न जुळणारा आकडा बाद करायच्या आधी त्या माणसाला बोलावून तपासायचं.

घड्याळवाल्यांना मी भेटून सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आणि तोंड भिंतीकडे केलं.

तुम्ही जेवा, काका. तिला तुम्हीच लागणार आहात.

ठकी

---

२० मे

चि. ठकीस,

माझ्या पाठीमागे दोघांचा पत्रव्यवहार चालतो हे मला कळलं. ह्यांना पेटी नीट लावायचीही अक्कल नाही, तुझं पत्र नि स्वतःचा कच्चा कागद उलटा ठेवला होता. वाचलं सगळं. दोघांनीही मी मेल्यासारखं लिहिलं आहे. मी जिवंत आहे. कालपासून जिना चढते आहे आणि पावत्या फाडते आहे.

ह्यांना सांगितलं, तुम्ही बाटली पुढे केलीत म्हणून निदान कोणाला तरी कळलं. माझी कोण तपासणार होतं? तुमच्या त्या फेरीत बायका नव्हत्याच. ह्यांना ते पटलं नाही, पण जेवले.

तू सांगितल्याप्रमाणे बाटली आणि रक्ताची नळी दोन्ही इथल्या प्रयोगशाळेनं बर्फात घालून पाठवली आहेत. बाटलीवर माझं नाव आहे. इथले डॉक्टर म्हणतात, टाके छान, रक्त छान, सहा महिन्यांनी या. शेजारीपाजारी म्हणतात, सुटलात. सगळे इतके आनंदात आहेत की मला कोणाला विचारवत नाही.

तू खरा आकडा लिही. मला लिही, ह्यांना नाही, डॉक्टरांना नाही. एकदा मी तुला खोटं लिहिलं, त्यात काय होतं ते आपण बघितलं. तुझ्याकडे मी त्याची परतफेड मागत नाहीये. पण तू घाबरलीस की शब्द गिळतेस, आणि ह्या वेळेस गिळलेस तर मी तुला कधी विचारणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

तुझी काकू

---

२ जून

ती. काकू,

लघवीचा आकडा सहा आला. दहाच्या आत. तिथून उतरणाऱ्या पिशव्यांत आता गाठीची एकही खूण नाही. डॉक्टरांनी तिथलं काम चोख केलं.

इथपर्यंत लिहून मी सही केली होती. पाकीटही चिकटवलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. टपालपेटीपाशी जाऊन परत आले आणि पाकीट फाडलं.

रक्ताचा आकडा चौतीस आहे. मी तीनदा लावला. सर शेजारी होते, दुसऱ्या वेळेस मी बाहेर गेले आणि त्यांनी एकट्यांनी लावला. चौतीसच. गाठीच्या पिशव्या अजून रक्तात फिरताहेत, म्हणजे त्या टाकणारं काहीतरी मूत्रपिंडाच्या बाहेर कुठेतरी आहे. कुठे ते पिशवी सांगत नाही. बहुतेक फुप्फुसात, बहुतेक अगदी बारीक, तुला जाणवणारही नाही असं. सहा महिने थांबलो असतो तर ते मोठं होऊन भेटलं असतं. आता लहान असताना भेटेल. अंगातल्या लढणाऱ्या पेशींना जागं करणारी औषधं आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, पुष्कळांना पडतात. तू बरी होशील असं मी लिहिणार नाही, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते आहे, काकू. तुझ्याहून जास्त.

सरांनी इथल्या रुग्णालयात सोमवारी दहाची वेळ घेतली आहे, अख्ख्या शरीराचं स्कॅन. मी शुक्रवारी तुम्हाला दोघांना न्यायला येते. पत्र गुरुवारी पोचेल असा हिशेब करून आज टाकते आहे, कारण समोर आले की माझं तोंड उघडणार नाही आणि तू माझ्याकडे बघत बसशील. आता मी दारात आले की तुला काही विचारावं लागणार नाही.

तुझी ठकी